हायाबुसाचं मॉडेल हवंय (बजेट २५००), आणि खालच्या पाटीवर काय कोरू?

धोटा | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात माझ्या दादाला पंचेचाळीस पूर्ण होतात. इचलकरंजीत त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. स्प्लेंडर, शाइन, अ‍ॅक्टिव्हा, असली रोजची गिऱ्हाइकं. पण कंप्रेसरच्या वरच्या भिंतीवर सुझुकी हायाबुसाचं पोस्टर आहे, १९९९ ची, पहिली, तांबूस-रुपेरी रंगाची. त्याला चार वेळा सेलोटेप लावून झालाय, एका कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटलाय, तरी ते भिंतीवरून निघत नाही.

खऱ्या हायाबुसाला दादाचा हात आयुष्यात एकदाच लागला. २०११ ला एक मुलगा मागच्या चाकात हवा कमी वाटते म्हणून थांबला होता. दादाने आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि मग गाडीजवळ गेला. मी तिथंच होते.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, चांगलं मॉडेल कुठलं घेऊ? रंग पोस्टरवरचाच हवा. बजेट २५००, पाटीसकट.

दोन, खाली लाकडी बैठक करून पितळी पाटी लावायची आहे. तिच्यावर नावाची गोष्ट दोन ओळींत कोरायची. दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की होंडाने ब्लॅकबर्ड काढली, म्हणून सुझुकीने ब्लॅकबर्डला खाणाऱ्या पक्ष्याचं नाव ठेवलं. हे खरं आहे का? पाटीवर चूक निघाली तर वाढदिवसाच्या दिवशीच, केक कापायच्या आधी, तो ती काढून दाखवेल.

चेनस्प्रे | सोमवार, रात्री ९:२२

ताई, मॉडेलच्या नादाला लागू नका. दादाला खरी घेऊन द्या. दुसऱ्या पिढीची, २०१६ नंतर मानेसरला जोडलेली सेकंड हँड बघा, १३४० सीसी. माझ्याकडे २०१७ ची आहे. सहाव्या गिअरमध्ये ६० ला सोडा, तक्रार न करता ओढते, आणि मूठ पिळली की पुढचं सगळं एकदम जवळ येतं. मागचा टायर सात हजार किलोमीटरला संपला ती गोष्ट वेगळी. त्या एका टायरच्या पैशात तुमची आठ-दहा मॉडेलं येतील.

धोटा | सोमवार, रात्री ९:२५

२५००. अक्षरी दोन हजार पाचशे फक्त.

जुना_यामाहा | सोमवार, रात्री ९:४०

प्लास्टिकच्या गाडीचं प्लास्टिकचं मॉडेल. चालू द्या. आमच्या काळी राजदूत ३५० होती, दोन गल्ल्या अलीकडून आवाज ओळखायचो. आणि ही हायाबुसा दिसते तरी कशी? तोंड बेडकाचं, मागे उंटाचं कुबड. वेगवान असेल, नाही कोण म्हणतं. पण भिंतीवर लावायची गाडी आहे का ती?

गोंद_आणि_चिमटा | सोमवार, रात्री १०:०५

ताई, डायकास्ट, म्हणजे ओतीव धातूचं तयार मॉडेल, घेऊ नका, पश्चात्ताप होईल. तामियाचं १/१२ चं किट घ्या. इंजिन वेगळं, चेन वेगळी, फेअरिंग, म्हणजे बाहेरचं कवच, काढलं की आतली फ्रेम दिसते. मी केलंय. रंग आपण मारायचा असल्यामुळे तांबूस-रुपेरी हवा तर तोच. प्राइमर, मग काळ्याचा हलका हात, त्यावर तांबं, त्यावर क्लिअर. मला सव्वादोन महिने लागले. पहिले तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर बसायचो, मग बायकोने गॅलरीत पाठवलं.

एक कामाचं सांगतो. खरी पहिली गाडी २१४० मिमी लांब आहे. १/१२ म्हणजे जवळजवळ १८ सेंमी, १/१८ म्हणजे १२ सेंमीला किंचित कमी. बैठकीचं लाकूड कापायच्या आधी हे ठरवा. मी उलटं केलं होतं, मॉडेलचं पुढचं चाक बैठकीच्या बाहेर आलं.

धोटा | सोमवार, रात्री १०:११

किटची किंमत काय हो? आणि माझ्या हातात पाचच आठवडे आहेत, त्यात मला एअरब्रश येत नाही.

गोंद_आणि_चिमटा | सोमवार, रात्री १०:१३

बजेटच्या दुप्पट धरा. रंग वेगळे. एअरब्रश वेगळा. पण समाधान बघा ना.

सांगलीकर_तात्या | सोमवार, रात्री १०:३०

तामियाला +१. माझ्या भाच्याने घेतलंय. फार सुंदर खोका आहे. अजून उघडला नाही.

ढगातला | सोमवार, रात्री ११:०२

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणाचंच लक्ष नाही म्हणून लिहितो. दादांच्या गोष्टीत एक गोम आहे. होंडाने १९९६ ला काढलेल्या सीबीआर ११०० डबलएक्सचं नाव सुपर ब्लॅकबर्ड. ते पक्ष्यावरून नाही, विमानावरून! लॉकहीडचं एसआर-७१ ब्लॅकबर्ड, अमेरिकेचं हेरगिरीचं विमान. २८ जुलै १९७६ ला त्याने ताशी ३५२९.६ किमीचा विक्रम केला, जेट विमानांत तो अजून कुणी मोडलेला नाही. म्हणजे होंडाने विमानाचं नाव घेतलं आणि सुझुकीने त्या विमानाला पक्षी समजून त्यावर ससाणा सोडला. एसआर-७१ समोर ससाणा काय करणार? पाटीवर हे यायलाच पाहिजे.

चेनस्प्रे | सोमवार, रात्री ११:१०

विमानं सोडा हो. १९९० पासून कावासाकीची झेडझेडआर ११०० सगळ्यांच्या पुढे होती, २८० च्या आसपास जायची. ब्लॅकबर्डने तिला थोडक्यात मागे टाकलं. मग १९९९ ला सुझुकी आली ती थेट ३०० च्या पलीकडे. मासिकांनी धावपट्टीवर मोजलं तेव्हा ३०३ ते ३१२ असे आकडे आले. १२९९ सीसी, १७५ च्या आसपास हॉर्सपॉवर. दादांच्या गिऱ्हाइकांच्या भाषेत सांगायचं तर २२ स्प्लेंडर एका चेनला जुंपल्यासारखं.

पक्षीवेडा_नाशिक | मंगळवार, सकाळी ६:१५

सुप्रभात. पाटीवर गरुड लिहू नका, घार लिहू नका, आणि 'जपानी पक्षी' तर अजिबात नको. हायाबुसा म्हणजे आपला बहिरी ससाणा. थंडीत नांदूर मध्यमेश्वरला येतो, मी दुर्बिणीतून कितीदा पाहिलाय. बदकांचे थवे एकदम उधळले की मान वर करायची, तो वर असतोच.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बहिरी ससाणा सरळ उडताना फार वेगवान नाही, कबूतर त्याला बऱ्यापैकी पळवतं. त्याचा ताशी ३०० च्या वरचा वेग सूर मारतानाचा आहे. उंच जातो, पंख अंगाशी आवळतो आणि स्वतःला खाली सोडून देतो. आता मोटरसायकलचं तोंड बघा. दिव्याच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी भोकं आहेत ना? ससाण्याच्या नाकपुडीत हाडाचा एक बारीक सुळका असतो, वाऱ्याचा जोर त्याच्यावर फुटतो. मला गाडीतलं काही कळत नाही, पण ते तोंड पाहिल्यावर मी नाव न वाचता ओळखलं असतं.

जुना_यामाहा | मंगळवार, सकाळी ८:५०

मी बेडूक ओळखला होता.

धोटा | मंगळवार, सकाळी ९:३०

पक्षीवेडा, फार छान. मग असं चालेल का? "काळ्या पक्ष्याची शिकार करणारा बहिरी ससाणा, म्हणून नाव हायाबुसा." ब्लॅकबर्डला मराठीत काय म्हणायचं? आई म्हणाली कोतवाल लिही.

पक्षीवेडा_नाशिक | मंगळवार, सकाळी ९:४१

कोतवाल नको! ब्लॅकबर्ड म्हणजे कस्तूर. सह्याद्रीत पावसाच्या सुरुवातीला पहाटे शीळ घालतो तो. कोतवाल हा शेपटी फाटलेला, तारेवर बसणारा, एकदम वेगळा. आणि तो ससाण्याचं भक्ष्य बनून निमूट बसणारातला नाही, घार असो की ससाणा, घरट्याजवळ आला की मागे लागून टोचे मारत हाकलतो. पाटीवर कोतवाल लिहिलंत तर अर्थ होईल की होंडाने सुझुकीला पिटाळलं.

सांगलीकर_तात्या | मंगळवार, सकाळी १०:००

कोतवाल बरोबर आहे. आमच्याकडे सगळ्या काळ्या पक्ष्यांना कोतवालच म्हणतात.

पक्षीवेडा_नाशिक | मंगळवार, सकाळी १०:०४

मग कावळ्याला काय म्हणता?

ढगातला | मंगळवार, सकाळी १०:२०

पण मुळात ते विमान आहे!!

नंबरप्लेट | मंगळवार, दुपारी १:१५

पाटीवर 'जगातील सर्वात वेगवान मोटरसायकल' असं मोघम लिहू नका, शब्द जपून वापरा. 'कारखान्यातून विक्रीला आलेली' हे हवंच. कारण नुसता वेग धरला तर विक्रम दुसऱ्याच यंत्राचा आहे. २०१० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉकी रॉबिन्सनने अ‍ॅक अटॅक नावाची लांबुळकी, क्षेपणास्त्रासारखी दुचाकी ताशी ६०५.६९७ किमीने पळवली. गंमत म्हणजे तिच्या पोटात दोन हायाबुसाचीच इंजिनं, टर्बो लावलेली. म्हणजे तो विक्रमही एका अर्थी घरातच राहिला.

दुसरं, 'होती' लिहा, 'आहे' नको. कावासाकीच्या एच२आरने ३० जून २०१६ ला तुर्कीतल्या उस्मान गाझी पुलावर २६ सेकंदांत ४०० गाठले, वर केनान सोफुओग्लू होता. ती रस्त्यावर चालवायला परवानगी नसलेली गाडी, म्हणून काहीजण धरत नाहीत. पण वाद नकोत.

आणि चेनस्प्रे, तुमच्या ३०० चं आपल्या राज्यात करायचं काय ते सांगा. पुणे-मुंबई द्रुतगतीवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. राहिला तुमच्या सोसायटीचा रॅम्प.

चेनस्प्रे | मंगळवार, दुपारी १:३०

रॅम्पवर खाली घासते. तो वेगळा धागा काढतो.

'होती'चं मात्र पटलं, आणि त्याला एक कारणही आहे. पहिल्या गाडीच्या स्पीडोमीटरवर ३५० पर्यंत आकडे होते. पुढच्या वर्षी कावासाकी झेडएक्स-१२आर आणणार, ती ३२० जाईल की ३३०, अशी चर्चा सुरू झाली. तेवढ्यात युरोपात असल्या गाड्यांवर बंदी येईल अशी धास्ती पडली आणि कंपन्यांनी आपापसांत गपचूप ठरवलं, ३०० च्या वर जायचं नाही. कागद नाही, सही नाही. त्यानंतरच्या हायाबुसांचा काटा ३०० ला थांबतो. म्हणजे पहिलीला हरवायला मैदानात कुणी उतरूच दिलं नाही. बरीच वर्षं तो करार पाळला गेला, मग इटलीच्या एमव्ही अगुस्टाने ३१२ हा आकडाच गाडीच्या नावात घालून टाकला.

म्हणून सांगतो, पोस्टरवरची १९९९ ची खास आहे. दादांना हे माहीत असणारच. पण एक सांगू का, २०११ ला त्यांच्याकडे थांबलेली बहुतेक दुसऱ्या पिढीची असणार. पहिली भारतात कंपनीने अधिकृतपणे विकलीच नाही, २००८ पासून जी आली ती १३४० वाली.

धोटा | मंगळवार, दुपारी २:१०

हे दादाला सांगू नका प्लीज. त्याच्या मते तीच होती.

दंडबैठक | मंगळवार, रात्री ८:४५

ताई, पाटीवर ते जपानी अक्षर कोरा, गाडीच्या बाजूला असतं ते. त्याच्याशिवाय मजा नाही. मी २०१३ ला दंडावर गोंदवून घेतलंय. गोंदवणाऱ्याने मोबाईलवर बघून काढलं, अडीच तास लागले, दुखलं पण काय दिसतं! लोक थांबून विचारतात. फोटो टाकलाय, हवा तर तोच कोरणाऱ्याला दाखवा.

हमामात्सूत_मी | बुधवार, पहाटे ५:२०

मी मूळचा कराडचा, नऊ वर्षं जपानात हमामात्सूला नोकरीला आहे. सुझुकीत नाही, आधीच सांगतो.

दंडबैठक, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा फोटो मोठा करून पाहिला. हायाबुसाच्या अक्षराचे दोन भाग असतात. वरचा भाग म्हणजे आखूड शेपटीचा पक्षी, त्याच्या आठ रेघा. खाली नुसती फुली, अधिकच्या चिन्हासारखी, दोन रेघांची. एकूण दहा. तुमच्या दंडावर खालच्या फुलीला दोन तिरप्या रेघा जास्त आहेत. तसं केलं की खाली झाड तयार होतं. झाडावर पक्षी, म्हणजे 'गोळा होणे, गोळा करणे' असं ते दुसरंच अक्षर आहे.

ताई, कोरणाऱ्याला मोबाईलवरचं चित्र दाखवू नका. ज्या मापात हवंय त्या मापाचा छापील कागद द्या आणि दहा रेघा मोजून घ्या.

दंडबैठक | बुधवार, सकाळी ७:५५

म्हणजे दहा-बारा वर्षं माझ्या दंडावर 'गोळा करणे' लिहिलंय?

जुना_यामाहा | बुधवार, सकाळी ८:०२

गणपतीत उपयोगी पडेल. पावतीपुस्तक लागणार नाही.

सांगलीकर_तात्या | बुधवार, सकाळी ८:३०

लेसरने जातं. माझ्या मेव्हण्याने काढलं. डाग राहतो.

हमामात्सूत_मी | बुधवार, सकाळी ९:१०

नावाबद्दल थोडं. उच्चार हा-या-बु-सा, चारही अक्षरांना सारखा वेळ. 'हायबुसा' नाही आणि आमच्या कराडात म्हणतात तसं 'हायबूजा' तर नाहीच. हायाइ म्हणजे जलद आणि त्सुबासा म्हणजे पंख, त्यातून शब्द झाला असं इथले लोक सांगतात. हे नाव इथं फक्त मोटरसायकलचं नाही. दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान हायाबुसा, २००३ ला सोडलेलं आणि इतोकावा लघुग्रहावरची धूळ घेऊन २०१० ला परत आलेलं यान हायाबुसा, तोक्योहून उत्तरेला ३२० ने जाणारी शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तीही हायाबुसा. इथं गूगलवर 'हायाबुसाचं मॉडेल' शोधलं तर आधी आगगाडी येते. ऑनलाइन मागवताना सुझुकी हा शब्द टाकायला विसरू नका.

जुना_यामाहा यांच्या बेडकाबद्दल. गाडीचं रूप कोजी योशिउरा यांनी आखलं. सुंदर दिसावी हा हट्टच नव्हता. थोडी विचित्र, पाहताक्षणी डोळ्यांत घुसणारी हवी होती. ते मागचं कुबडही वाऱ्यासाठी आहे, वाकून बसलेल्या माणसाच्या पाठीवरून आलेली हवा त्याच्यावरून सरकत जाते. तुम्हाला आज सव्वीस-सत्तावीस वर्षांनीही ती खुपते, म्हणजे त्यांचं काम झालं.

आता ब्लॅकबर्डची गोष्ट. ससाणा ब्लॅकबर्डची शिकार करतो म्हणून हे नाव, आणि रोख होंडावर, हे जगभर छापून आलंय. लिहा बिनधास्त. विमानाचा मुद्दाही बरोबर आहे, पण टोमणा मारताना समोरच्याच्या नावाचा आपल्याला सोयीचा अर्थ घ्यायचा असतो, हे काय आपल्या लोकांना सांगायला हवं? शिवाय भांडण गावातलंच. होंडा कंपनी १९४८ ला या हमामात्सूतच सुरू झाली. सुझुकी तर त्याच्या कितीतरी आधीपासून इथली, आणि ताई, तुमचं टोपणनाव धोटा, म्हणजे मागावर सूत इकडून तिकडे नेणारं लाकूड, आहे म्हणून मुद्दाम सांगतो, सुझुकीची सुरुवात मागापासून आहे. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ ला इथं कापड विणायचे माग बनवायला घेतले. सायकलला लावायचं पहिलं इंजिन, छत्तीस सीसीचं, त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९५२ ला आलं.

धोटा | बुधवार, सकाळी ९:४०

अहो, काय सांगता! आमच्या बाबांचे सहा माग होते. गॅरेज आहे तिथंच. दादाने जिथं कंप्रेसर ठेवलाय तिथं एक नंबरचा माग होता, फरशीवर त्याच्या बोल्टची भोकं अजून आहेत. हे दादाला माहीत नसणार, नक्की नसणार.

सायझिंगवाला | बुधवार, सकाळी ११:००

मागांचा विषय निघाला म्हणून आलो. विजेचे दर बघितलेत का यंदाचे? आणि सुताचा भाव? आमच्या गल्लीत अठ्ठावीस माग होते, आता नऊ वाजतात. सुझुकीने वेळेवर धंदा बदलला, हुशार माणूस.

नंबरप्लेट | बुधवार, सकाळी ११:२०

सायझिंगवाला, सबसिडीचा फॉर्म भरला का? नवीन माग घेताना...

(यापुढचे चौदा प्रतिसाद माग, सबसिडी आणि वीजबिलावर असल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. संपादक)

फिरस्ती_डोंबिवली | गुरुवार, रात्री ९:५०

मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलेलं दिसत नाही. माइस्टोचं १/१२ चं डायकास्ट हायाबुसा मिळतं, तुमच्या बजेटमध्ये बसेल. चाकं फिरतात, हँडल वळतं. पण मला आलेला अनुभव असा की एका ऑनलाइन विक्रेत्याने फोटोत एक रंग दाखवला आणि पाठवला दुसराच, आरसा तुटलेला, आणि परत घ्यायला पंधरा दिवस घोळवलं. म्हणून खेळण्यांच्या दुकानात जाऊन खोका उघडायला लावून घ्या. दोन्ही आरसे आणि साइड स्टँड बघा, तेच मोडतात. तांबूस-रुपेरी रंग मिळेल याची आशा धरू नका, मला तरी दिसला नाही.

पाटीसाठी ट्रॉफीवाल्याकडे जा. पितळेवर अक्षराप्रमाणे पैसे घेतात, त्यामुळे एसआर-७१ चा इतिहास कोरायला गेलात तर मॉडेलपेक्षा पाटी महाग.

ढगातला | गुरुवार, रात्री ९:५८

'एसआर-७१' ही फक्त सहाच अक्षरं आहेत.

चेनस्प्रे | गुरुवार, रात्री १०:१५

फिरस्ती, माइस्टोचे टायर बघितलेत का? नक्षी उलटी असते. मी मात्र अजूनही म्हणेन की खरी बघून या. ताई, दादांना पुण्याला घेऊन या, मी एक फेरी मारून आणतो. मागे बसायचं. फक्त हवा बघून निघायचं, ४२ पौंड, पुढे आणि मागे दोन्ही. लोक स्प्लेंडरसारखी तीस भरतात आणि मग गाडी डोलते म्हणून माझ्या नावाने बोंबलतात.

धोटा | गुरुवार, रात्री १०:२२

दादा हेच सांगतो! तो मुलगा थांबला तेव्हा दादा अंदाजाने तीसवर थांबायला लागला, तर मुलगा म्हणाला, "काका, बेचाळीस." दादाला वाटलं चेष्टा करतोय. मग सीटखालचं पुस्तक उघडून दाखवलं त्याने. तेव्हापासून हा आकडा गॅरेजमध्ये सगळ्या पोरांना पाठ आहे. टायर फुगवताना कुणी जास्त हवा मारली की दादा ओरडतो, "हायाबुसा आहे काय रं ती?"

हमामात्सूत_मी | शुक्रवार, पहाटे ५:०५

एक राहिलं. तोत्तोरी प्रांतात याझू गावाजवळ वाकासा रेल्वेचं हायाबुसा नावाचंच छोटं लाकडी स्टेशन आहे. नावाचा गाडीशी काही संबंध नाही, स्टेशन जुनं, गाडी नंतरची. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि आता दर ऑगस्टमध्ये देशभरातून हायाबुसावाले तिथं जमतात. एका डब्यावर गाडीचं चित्रसुद्धा रंगवलंय. मी एकदा गेलो होतो, चारचाकीने. पार्किंगमध्ये एका आजोबांनी माझ्या गाडीकडे असं बघितलं की मी चहा न पिता निघालो. दादांचा वाढदिवस ऑगस्टात असेल तर सांगा, तिथल्या स्टेशनच्या पाटीचा फोटो पाठवतो, फ्रेम करता येईल.

सांगलीकर_तात्या | शुक्रवार, सकाळी ७:४५

माइस्टोचं १/१२ चं बघा ताई. मी कालच सांगणार होतो.

धोटा | रविवार, रात्री ११:३० (पाच आठवड्यांनी)

मंडळी, आज वाढदिवस झाला. काय केलं ते सांगते, रागावू नका.

किट घेतलं नाही. माइस्टोचं १/१२ शोधलं, दुकानात होतं, पण एक आरसा हलत होता आणि दुकानदार दुसरा खोका उघडायला तयार नव्हता. शेवटी बाजारात एका खेळण्यांच्या हातगाडीवर १/१८ ची निळी हायाबुसा सापडली, ४५० ला. कंपनीचं नाव खोक्यावर होतं पण वाचता येईना. दादाच्या गॅरेजमध्ये टाक्या रंगवायला येणारा जो पेंटर आहे त्याला गुपचूप दिली. त्याने एका स्कूटरच्या टचअपचा उरलेला तांबूस रंग आणि सायलेन्सरचा रुपेरी मारून दिला, पैसे घेतले नाहीत. आरसे त्याने काढून टाकले, म्हणाला रेसवाले काढतात.

बैठक बाबांच्या मागाच्या मोडक्या धोट्याची केली. मधला खाचा थोडा रुंद करून घेतला, दोन्ही टोकांना पितळी टोप्या तशाच आहेत. गाडी बरोबर खाचात उभी राहते. हमामात्सूवाल्यांचं १९०९ वाचलं तेव्हाच हे डोक्यात आलं होतं.

पाटीवर ब्लॅकबर्ड नाही, कस्तूर नाही, विमान नाही, विक्रम नाही, जपानी अक्षरही नाही. ट्रॉफीवाल्याला दोनच ओळी दिल्या:

बहिरी ससाणा
हवा ४२, पुढे-मागे

एकूण खर्च १३८०.

दादाने खोका उघडला, बराच वेळ काही बोलला नाही. धोटा ओळखला त्याने, टोपीवरून अंगठा फिरवला. मग मी १९०९ ची गोष्ट सांगितली तर म्हणाला, "खरं काय?" आणि फरशीवरच्या भोकांकडे बघत बसला. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येतंय. तेवढ्यात चष्मा लावून पाटी वाचली आणि म्हणाला, "बारके, 'गार टायरला' लिहायचं राहिलं. गरम टायरला बेचाळीस दाखवत असलं तर खरी हवा कमी असती."

फिरस्ती_डोंबिवली | रविवार, रात्री ११:४१

बरोबर आहे त्यांचं.

चेनस्प्रे | रविवार, रात्री ११:४४

शंभर टक्के बरोबर. मी म्हणतो अजून एक ओळ कोरून घ्याच. आणि आरसे का काढले?

दंडबैठक | सोमवार, सकाळी ७:२०

ताई, तुमच्या त्या पेंटरला कातडीवरचं काम जमतं का?